रेटिनॉलच्या बाटलीवरचा टक्का आणि मागची बारीक अक्षरातली यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्यासमोर रेटिनॉइडची, म्हणजे सुरकुत्या आणि डागांवर लावायच्या अ जीवनसत्त्वाच्या रूपांची, चार उत्पादनं आहेत. पहिलं पारदर्शक काचेच्या ड्रॉपर बाटलीतलं सिरम, त्यावर ‘१% रेटिनॉल कॉम्प्लेक्स’ असं लिहिलंय. दुसरी ॲल्युमिनियमच्या ट्यूबमधली क्रीम, ‘०.०५% रेटिनाल’. तिसरं तेलासारखं सिरम, ‘२% ग्रॅनॅक्टिव्ह रेटिनॉइड’. चौथी रुंद तोंडाच्या बरणीतली नाइट क्रीम; तिच्यावर टक्का नाही, पण पुढे रेटिनॉल आणि बाकुचिओलचा उल्लेख आहे आणि मागच्या यादीत रेटिनिल पाल्मिटेट सापडतं. तुमचं वय पस्तिशीचं, त्वचा कोरडी आणि पटकन लाल होणारी, रेटिनॉल आजवर कधी लावलेलं नाही. यातलं सगळ्यात ‘स्ट्राँग’ कुठलं आणि घ्यायचं कुठलं, हे तुम्ही विचारलंय.

बरीच वर्षं मी क्रीम आणि सिरमची फॉर्म्युलेशन्स करते आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: या चौघांतून तुमच्यासाठी मी ट्यूबमधली ०.०५% वाली क्रीम निवडेन. आकडा सगळ्यात लहान असूनही. कारण हे टक्के तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि त्यांची एकमेकांशी थेट तुलना होऊच शकत नाही. हे एकदा नीट समजलं की पुढच्या खेपेला कुणालाही न विचारता तुम्ही स्वतः निवड करू शकाल, म्हणून थोडं खोलात जाते.

त्वचेच्या पेशीला अ जीवनसत्त्वाचं एकच रूप खऱ्या अर्थानं ‘कळतं’, ते म्हणजे रेटिनोइक ॲसिड. ते पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरवर (संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसतं आणि मग काही जनुकं कामाला लागतात, काही थंडावतात. त्यातून कोलाजेन जास्त तयार होतं, कोलाजेन तोडणारी एन्झाइम्स कमी होतात, वरच्या थरातल्या पेशी लवकर बदलतात, डाग फिके होतात. डॉक्टर चिठ्ठीवर ट्रेटिनॉइन लिहून देतात, ते म्हणजे हेच रेटिनोइक ॲसिड. मुरुमांसाठी त्याचा उपयोग १९६९ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि उन्हानं सुरकुतलेल्या त्वचेवरचा परिणाम त्यांनीच १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पण ट्रेटिनॉइन हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधनात ते घालता येत नाही. म्हणून आम्ही फॉर्म्युलेशनवाले त्याच्या अलीकडची रूपं वापरतो आणि शेवटचा बदल त्वचेवर सोपवतो.

ही साखळी अशी चालते. रेटिनिल पाल्मिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट ही एस्टर (आम्लाशी जोडलेली) रूपं आधी तुटून त्यांचं रेटिनॉल होतं. रेटिनॉलचं रेटिनाल होतं, त्यालाच रेटिनाल्डिहाइड म्हणतात. आणि रेटिनालचं रेटिनोइक ॲसिड होतं. म्हणजे पाल्मिटेटला तीन पायऱ्या, रेटिनॉलला दोन, रेटिनालला एकच. शेवटची पायरी एकमार्गी आहे, तिथून परत फिरता येत नाही. त्याआधीच्या पायऱ्या मात्र उलटही फिरतात: रेटिनॉल जास्त झालं तर पेशी त्याचं पुन्हा एस्टर करून साठवून ठेवते. त्यामुळे लावलेल्या रेटिनॉलपैकी फार थोडा भाग शेवटपर्यंत पोहोचतो. यामुळेच ते ट्रेटिनॉइनपेक्षा बरंच सौम्य पडतं आणि त्याचा परिणाम दिसायला वेळही जास्त लागतो. तुमच्या यादीतली नावं वाचताना एक अक्षर नीट बघा, रेटिनॉल आणि रेटिनाल यात गडबड करणारे पुष्कळ भेटतात. दोघांमध्ये एका पूर्ण पायरीचं अंतर आहे.

आता टक्क्यांकडे. एकाच साखळीतल्या दोन रूपांचीही वजनावरून तुलना फसवी असते. रेटिनॉलचा रेणूभार साधारण २८६ आणि रेटिनिल पाल्मिटेटचा ५२५, कारण पाल्मिटेटला एक लांबलचक फॅटी ॲसिडची शेपटी जोडलेली असते. म्हणून ०.३% रेटिनॉलइतकं अ जीवनसत्त्व हवं असेल तर पाल्मिटेट जवळजवळ ०.५५% घालावं लागतं, आणि एवढं करूनही त्याला एक पायरी जास्तच चढायची असते. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या नियमात मर्यादा ‘रेटिनॉल समतुल्य’ अशी दिलेली आहे, ती याच कारणानं: अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५% आणि चेहऱ्याच्या क्रीमसकट बाकीच्या उत्पादनांत ०.३%. हा नियम रेटिनॉल, रेटिनिल ॲसिटेट आणि रेटिनिल पाल्मिटेट या तिघांना लागू आहे. तो वाचून काही जण घाबरले होते, पण त्यामागचा विचार वेगळा आहे. आहारातून, गोळ्यांतून आणि क्रीममधून मिळून शरीरात एकूण किती अ जीवनसत्त्व जातं, याची ती काळजी आहे. ०.३% च्या वर गेलं की त्वचा खराब होते, असा त्याचा अर्थ नाही.

टक्क्याचा दुसरा घोळ आमच्या कच्च्या मालातून येतो. शुद्ध रेटिनॉल हवेत आणि प्रकाशात इतकं पटकन बिघडतं की ते सहसा तसंच विकत घेतलं जात नाही. ते कशात तरी विरघळवलेलं येतं. पॉलिसॉर्बेट २० मध्ये अर्धंअर्धं केलेलं मिळतं, तेलात १०% किंवा १५% चं मिळतं, कॅप्सूलमध्ये बंद केलेलं तर त्याहूनही विरळ असू शकतं. आता समजा, मी अर्धंअर्धं मिश्रण १% घातलं, तर क्रीममध्ये खरं रेटिनॉल ०.५% असतं. पण पुढच्या बाजूला ‘१% रेटिनॉल कॉम्प्लेक्स’ छापता येतं आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही ठरत नाही. ‘कॉम्प्लेक्स’, ‘ब्लेंड’, ‘सिस्टिम’, ‘सोल्यूशन’ असे शब्द टक्क्याला चिकटलेले दिसले की तो आकडा मिश्रणाचा आहे असं धरून चाला आणि शुद्ध रेटिनॉल किती ते उत्पादकाला सरळ विचारा. प्रामाणिक उत्पादक ते सांगतो. मला स्वतःला हा प्रकार अजिबात पटत नाही, कारण असं ‘१%’ त्रास न होता सोसलेली व्यक्ती पुढे खरंखुरं १% घेते आणि चेहरा भाजल्यासारखा करून बसते.

ग्रॅनॅक्टिव्ह रेटिनॉइडचंही तसंच. हे एका मिश्रणाचं व्यापारी नाव आहे. त्यात हायड्रॉक्सीपिनाकोलोन रेटिनोएट नावाचा घटक साधारण दहा टक्के असतो आणि बाकी डायमिथाइल आयसोसॉर्बाइड हा द्रावक. म्हणजे तुमच्या बाटलीवरच्या २% मध्ये खरा घटक ०.२%. हा रेटिनोइक ॲसिडचाच एस्टर आहे, आणि तो न बदलता थेट रिसेप्टरवर बसतो असा त्याचा दावा आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर तसं दिसलेलंही आहे. पण माणसांच्या चेहऱ्यावर, उत्पादकाशी संबंध नसलेल्यांनी केलेला अभ्यास रेटिनॉलच्या तुलनेत फारच थोडा आहे. तो त्वचेला कमी टोचतो हा अनुभव मात्र बऱ्यापैकी सार्वत्रिक आहे. मला विचाराल तर हा चांगला घटक आहे, पण ‘रेटिनॉलपेक्षा दहापट’ वगैरे म्हणण्याइतका पुरावा त्याच्या बाजूनं नाही.

आता बाटली उलटी करा, कारण खरी माहिती मागे असते. उदाहरण म्हणून एका नेहमीच्या धाटणीची यादी घेऊ: पाणी, ग्लिसरीन, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, अल्कोहोल डिनॅट, नायसिनमाइड, सेटेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फेनॉक्सीइथेनॉल, पॉलिसॉर्बेट २०, रेटिनॉल, बीएचटी, टोकोफेरॉल, डायसोडियम ईडीटीए, परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल.

यादीचा नियम असा की १% पेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे. १% च्या खालचे कुठल्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. मग ही १% ची रेघ कुठे आहे हे कसं ओळखायचं? फेनॉक्सीइथेनॉल हा प्रिझर्व्हेटिव्ह उपयोगी पडतो, कारण त्याची कमाल मर्यादाच १% आहे. तो दिसला की त्याच्यापुढचं सगळं १% किंवा त्याहून कमी. म्हणून रेटिनॉल यादीच्या शेवटाकडे दिसलं तर फसवणूक झाली असं समजू नका, ०.३% रेटिनॉल तिथेच असणार. पण पुढच्या बाजूला २% किंवा ३% रेटिनॉल लिहिलं असेल आणि मागे ते फेनॉक्सीइथेनॉलच्या नंतर येत असेल, तर तो आकडा शुद्ध रेटिनॉलचा असू शकत नाही. या यादीत रेटिनॉलला खेटून पॉलिसॉर्बेट २० आणि बीएचटी आहेत. ही जोडगोळी बहुतेक वेळा त्या अर्ध्याअर्ध्या मिश्रणाबरोबर आलेली असते. बीएचटी पाहून नाक मुरडू नका. रेटिनॉलला ऑक्सिजनपासून वाचवायला अँटिऑक्सिडंट लागतोच, आणि बीएचटी, टोकोफेरॉल, ईडीटीए हे तिघं एकत्र दिसले तर समजा की बनवणाऱ्यानं रेटिनॉल टिकावं याचा विचार केलाय. ईडीटीए लोहासारख्या धातूंचे कण बांधून ठेवतो, नाहीतर ते रेटिनॉलचं ऑक्सिडेशन आणखी वेगानं घडवतात.

अल्कोहोलबद्दल एक सांगते, कारण यावरून विनाकारण चांगली क्रीम्स बाद केली जातात. सेटेअरिल अल्कोहोल, सेटिल अल्कोहोल ही मेणासारखी फॅटी अल्कोहोल्स आहेत, ती त्वचा मऊ ठेवतात. अल्कोहोल डिनॅट वेगळं. ते लवकर उडून जातं, सिरम हलकं वाटतं, रेटिनॉल आत शिरायलाही मदत होते, पण कोरड्या त्वचेवर आधीच रेटिनॉलमुळे सोलवटणं सुरू होणार असताना यादीत चौथ्या क्रमांकावर ते असणं मला तुमच्यासाठी चालणार नाही. शेवटचा सुगंधाचा ताफा, म्हणजे परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल, हाही नको. एरवी ज्यांना सुगंधाचा काही त्रास नसतो त्यांनाही रेटिनॉलच्या पहिल्या काही आठवड्यांत, त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असताना, त्यानं चुरचुर होऊ शकते. मग खापर रेटिनॉलवर फुटतं.

सोबतीला काय असावं? नायसिनमाइड असेल तर उत्तम, ते त्वचेत सेरामाइड तयार व्हायला मदत करतं आणि लाली कमी ठेवतं. सेरामाइड, कोलेस्टेरॉल, स्क्वालेन, ग्लिसरीन, पँथेनॉल, बिसाबोलॉल ही सगळी या कामातली विश्वासू मंडळी. याउलट ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड आणि रेटिनॉल एकाच बाटलीत असेल तर तुमच्यासारख्या नवख्या आणि कोरड्या त्वचेनं लांब राहावं. त्रास तर दुप्पट होतोच, शिवाय रेटिनॉलला आम्लता मानवत नाही. याच कारणानं शुद्ध क जीवनसत्त्व, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, आणि रेटिनॉल एकाच पाण्याच्या सिरममध्ये पाहिलं की मी साशंक होते. एकाला पीएच (आम्लतेचं माप) ३.५ च्या खाली हवा, दुसऱ्याला ५.५ ते ६ च्या आसपास बरं वाटतं. दोघांना एकत्र कोंडलं की कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. क जीवनसत्त्व सकाळी, रेटिनॉल रात्री, इतकं साधं ठेवा.

डबा किंवा बाटली हा माझ्या दृष्टीनं घटकांइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे आणि ग्राहक त्याकडे सर्वांत कमी बघतात. रेटिनॉलचा रेणू म्हणजे एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. प्रकाश, हवा आणि उष्णता यांनी ती तुटते किंवा तिचा आकार बदलतो, आणि मग रिसेप्टरसाठी ती निरुपयोगी होते. ॲल्युमिनियमची ट्यूब दाबल्यावर दबलेलीच राहते, हवा आत ओढत नाही. एअरलेस पंपही चांगला. ड्रॉपर बाटलीत दर वेळी नवी हवा जाते; काच गडद असेल आणि बेस पूर्ण तेलाचा असेल तर मी एक वेळ चालवून घेईन, पण पारदर्शक काच आणि पाण्याचा बेस असेल तर नाही. बरणीचं तर बोलायलाच नको. रोज टोपण उघडायचं, बोट घालायचं, उजेडात ठेवायचं. आत काहीही घातलेलं असो, महिन्याभरात त्यातलं किती शाबूत असेल ते सांगता येत नाही. उघडल्यावर किती महिने वापरायचं हे उघड्या डब्याच्या चिन्हात लिहिलेलं असतं, ‘६एम’ किंवा ‘१२एम’ असं. सिरम तपकिरी पडलं किंवा खवट वास यायला लागला तर मुदतीची वाट न पाहता टाकून द्या. नवं असताना रेटिनॉलचा रंग फिकट पिवळा असतो, रेटिनालचा जरा जास्त पिवळा. तो दोष नव्हे.

बाकुचिओलबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण बरणीवर त्याचं नाव आहे म्हणून लिहिते. बावचीच्या बियांमधून तो काढतात. रचनेनं त्याचा रेटिनॉलशी काहीही संबंध नाही, मात्र त्वचेतली काही जनुकं तो तशाच प्रकारे हलवतो असं दिसलंय. ज्या अभ्यासाचा सगळीकडे हवाला दिला जातो त्यात ४४ जण होते, १२ आठवडे एका गटानं ०.५% बाकुचिओल दिवसातून दोनदा लावलं आणि दुसऱ्यानं ०.५% रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे कमी झाले, फरक लक्षणीय नव्हता, आणि रेटिनॉलवाल्यांना खपल्या आणि चुरचुर जास्त झाली. निकाल आश्वासक आहे. पण लोक कमी होते आणि नुसतं साधं क्रीम लावणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे ‘बाकुचिओल म्हणजे वनस्पतीतलं रेटिनॉल’ असं मी म्हणणार नाही. ज्यांना रेटिनॉल अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी हा पर्याय आहे, आणि तोही यादीत परफ्यूमच्या नंतर चिमूटभर असून उपयोग नाही.

आता तुमच्या चौघांचा निकाल लावते. पहिलं सिरम नको: मिश्रणाचा टक्का, पारदर्शक ड्रॉपर बाटली, आणि तुम्ही पाठवलेल्या यादीत अल्कोहोल आणि सुगंध दोन्ही. चौथी बरणी रेटिनॉलच्या कामासाठी बाद. त्यात साखळीतलं सगळ्यात दुबळं रूप, किती ते सांगितलेलं नाही, आणि तेही बरणीत. नाइट क्रीम म्हणून आवडत असेल तर खुशाल लावा. तिसरं, तेलातलं, दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय. त्याची यादी छोटी आहे, बेस स्क्वालेनचा आहे, पाणी नाही, सुगंध नाही. ट्यूबमधलं ०.०५% रेटिनाल पहिलं, कारण ते एका पायरीवर उभं आहे, याच प्रमाणात त्याचा माणसांवर अभ्यास झालेला आहे आणि त्यात ते ट्रेटिनॉइनपेक्षा बरंच सुसह्य ठरलं होतं. शिवाय बेसमध्ये ग्लिसरीन, स्क्वालेन आणि सेरामाइड आहे, आणि डबा योग्य आहे.

कमी प्रमाणातून काही होणार नाही अशी शंका असेल तर २००७ चा एक अभ्यास सांगते. सरासरी ८७ वर्षं वयाच्या ३६ जणांच्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन फारसं लागत नाही, आठवड्यातून तीनदापर्यंत ०.४% रेटिनॉलचं लोशन २४ आठवडे लावलं गेलं. बारीक सुरकुत्या कमी झाल्या आणि त्वचेत नवं कोलाजेन बनल्याच्या खुणा सापडल्या. आठवड्यातून तीनदा, आणि अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. सातत्य ठेवलं तर एवढं पुरतं.

सुरुवात आठवड्यातल्या दोन रात्रींनी करा. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी साधं मॉइश्चरायझर, मग संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढी क्रीम, त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे वगळा. थोडा कोरडेपणा आणि बारीक साल निघणं पहिल्या महिन्यात अपेक्षित आहे. आग होणं, सूज येणं किंवा लालसरपणा दिवसभर टिकणं अपेक्षित नाही. तसं झालं तर थांबा, त्वचा पूर्ण शांत होऊ द्या आणि मग आठवड्यातून एकदाच लावून पाहा. चार-सहा आठवडे बरे गेले की एक रात्र वाढवा. सकाळी किमान एसपीएफ ३०, ढगाळ दिवशीसुद्धा. हे पाळायची तयारी नसेल तर रेटिनॉलच्या फंदात पडू नका, कारण एका बाजूनं कोलाजेन बनवायचं आणि दुसऱ्या बाजूनं उन्हात तोडायचं, असं होतं. फरक बघायला तीन महिने द्या, डागांसाठी त्याहून जास्त.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी तपासा. गर्भारपण असेल, किंवा येत्या काळात तसा विचार असेल, तर यातलं पहिलं, दुसरं, तिसरं आणि पाल्मिटेटवाली बरणी, काहीच लावू नका. त्वचेतून रक्तात जाणारं प्रमाण अगदी कमी असतं, तरी पोटात घ्यायच्या रेटिनॉइड औषधांनी गर्भाला गंभीर व्यंग येतात हे पक्कं ठाऊक असल्यामुळे इथे धोका पत्करण्यासारखं काही नाही. आणि डॉक्टरांनी आधीच ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन (मुरुमांवरचं रेटिनॉइड औषध) दिलेलं असेल, तर त्यावर यातलं काही चढवू नका. एक्झिमा किंवा रोझेशियाचं निदान झालेलं असेल, तर ही ट्यूब उघडण्याआधी मागची यादी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.